मार्गदर्शकांच्या रिक्त जागांची खरी यादी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल हातात आहे, विषय ठरला आहे, आराखडाही लिहून तयार आहे. तरी पीएच.डी.ला प्रवेश नाही, कारण मार्गदर्शक मिळत नाही. मराठवाड्यात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कितीतरी जणांची हीच गत आहे. तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवणारी मी त्यातलीच एक.

२०२४-२५ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले. प्रत्येक विद्यापीठाची वेगळी प्रवेश परीक्षा (पेट) देण्याची धावपळ त्यामुळे वाचते, हे चांगलेच झाले. पण जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती नसलेल्यांचे हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, आणि ते वर्ष मार्गदर्शक शोधण्यातच सरते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर यादी असते, नावापुढे रिक्त जागाही लिहिलेल्या असतात. फोन लावला की कळते, सर सेवानिवृत्त झालेत, नाहीतर मॅडमच्या जागा गेल्याच फेरीत भरल्यात.

माझा विषय ऊसतोड टोळ्यांच्या उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेचा. मुकादमाच्या वहीत एका कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, किती उचल चढली, हंगाम संपताना किती फिटली आणि किती पुढच्या वर्षावर गेली, हे मी आमच्या भागातल्या टोळ्यांकडून लिहून घेते आहे. राबतात दोघे, पण वहीत नाव नवऱ्याचेच असते. बाईच्या वाट्याची मजुरी किती, हे कुणी मांडलेलेच नसते आणि मला तेच मांडायचे आहे. एका मार्गदर्शकांनी आराखडा उघडूनही न पाहता बचत गटांवर काम करायला सांगितले, त्यावर साहित्य आयते मिळते म्हणून. नंतर समजले, त्यांच्याकडे जागाच शिल्लक नव्हती.

आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत हे सारे स्पष्ट आहे. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मार्गदर्शक, त्यांचे विद्यार्थी आणि संशोधनाचे विषय यांची यादी संकेतस्थळावर ठेवून दर शैक्षणिक वर्षी अद्ययावत करावी, हेही त्यात लिहिले आहे. नोंदणी विद्यापीठच करते, निवृत्तीच्या तारखाही विद्यापीठाकडेच असतात. मग साधी वजाबाकी करून खरा आकडा लावायला अडचण कसली? प्राध्यापकांची भरती रखडली, म्हणून मार्गदर्शक कमी, हे मान्य. पण ज्या जागा आहेत त्या तरी सगळ्यांना एकाच वेळी दिसू द्या. आज विभागात ज्याची ऊठबस आहे त्याला कुठली जागा सुटणार ते आधीच कळते. एसटीने येणाऱ्या मुलीला कळते तोवर ती भरलेली असते.

संबंधितांकडे मागणी एवढीच. अर्ज सुरू होण्याआधी प्रत्येक मार्गदर्शकाच्या नावापुढे संशोधनाचे क्षेत्र, निवृत्तीची तारीख आणि रिक्त जागा लावाव्यात, आणि जागा भरली की त्याच दिवशी यादीत तशी नोंद व्हावी. मुलाखतीतून निवड झालेल्याला मार्गदर्शक देणे ही विभागाची जबाबदारी असावी, त्यासाठी विद्यार्थ्याला दारोदार फिरवू नये. विद्यापीठाचीच प्रक्रिया लांबली आणि मधल्या काळात नेटच्या गुणांची मुदत संपली, तर अर्ज भरला त्या दिवशी गुण वैध होते एवढे पाहून तो ग्राह्य धरावा. यासाठी आयोगाच्या नियमात बदल लागत असेल, तर कुलगुरूंनी तसे आयोगाला लेखी कळवावे.

– एक तासिका प्राध्यापिका, मराठवाडा
(नाव छापू नये, ही विनंती.)