अळिंबीच्या खोलीत हवेची वाटही शिकवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात आणि आसपासच्या गावांत अनेक कुटुंबे आणि महिला बचत गट घरच्या घरी धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) पिकवू लागले आहेत. पावसाळ्यात सात्यांची, म्हणजे रानात उगवणाऱ्या अळिंबीची, वाट पाहणाऱ्या विदर्भाला अळिंबीची चव नवी नाही. सोयाबीनचे कुटार (भुसा) आणि गव्हांडा (गव्हाचा भुसा) येथे सहज मिळतो, आणि दहा बाय दहाची एक रिकामी खोली असली की काम सुरू करता येते. मात्र दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या पत्नीने जे प्रशिक्षण घेतले, त्यात कुटार भिजवण्यापासून पिशवीत बियाणे पेरण्यापर्यंत सारे बारकाईने शिकवले गेले, पण खोलीतील हवेबद्दल ‘हवा खेळती ठेवावी’ या एका वाक्यापलीकडे काही सांगितले गेले नाही. ओळखीच्या तीन बचत गटांचा अनुभवही तोच आहे. या उणिवेकडे आपल्या वृत्तपत्रामार्फत लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी तीस वर्षे कूलर बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम केले आहे. समोरची खिडकी उघडी नसेल तर कूलर कितीही मोठा असला तरी खोलीत नुसती चिकचिक होते, हे नागपुरात लहान मुलालाही माहीत असते. असे असूनही अळिंबीच्या खोलीत मी नेमकी तीच चूक केली. पिशव्यांत अळिंबीची बुरशी पसरत असते त्या पंधरा-वीस दिवसांत खोली बंद आणि अंधारी ठेवावी असे आम्हाला सांगितले होते, आणि ते बरोबरच आहे. त्या काळात बुरशीला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) जास्त असला तरी चालतो. पण कोंब फुटू लागताच हा नियम उलटा होतो, हे कोणी सांगितले नाही. आम्ही ओलावा टिकावा म्हणून दारे-खिडक्यांना प्लास्टिक लावून खोली बंदच ठेवली. आठवडाभरात पिशव्यांतून बोटभर लांब, पांढरे देठ बाहेर आले आणि त्यांच्या टोकावर शर्टाच्या बटणाएवढ्या छत्र्या राहिल्या. व्यापाऱ्याने तो माल हातात घेऊन परत ठेवला. बाहेरच्या हवेत कर्बवायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. धिंगरीच्या खोलीत ते १,००० भागांच्या वर बराच काळ राहिले की देठ लांबतो आणि छत्री खुरटते. पिशवीतील बुरशी माणसासारखीच श्वास घेत असते, आणि ती सोडत असलेला वायू आपोआप खोलीबाहेर जात नाही.

त्यानंतर आम्ही पंखा बसवला, पण तोही चुकीच्या जागी. हवा आत घेण्याचे भोक आणि बाहेर टाकणारा पंखा एकाच भिंतीत दोन हातांच्या अंतरावर होते. परिणामी ताजी हवा आत येऊन तशीच बाहेर पडत असे आणि मागच्या कोपऱ्यातील पिशव्यांपर्यंत कधीच पोहोचत नसे. उदबत्तीचा धूर धरून पाहिल्यावर हे माझ्या लक्षात आले. तेथे धूर जागच्या जागी तरंगत होता. आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट समोरासमोरच्या भिंतींत, एक वर आणि एक खाली अशी ठेवल्यावरच खोली खऱ्या अर्थाने श्वास घेऊ लागली.

पंखा किती मोठा असावा, याचा हिशेब कोणालाही करता येतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत १,००० घनफूट म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा असते. कोंब फुटल्यापासून तोडणीपर्यंत ती तासाला चार ते सहा वेळा बदलली जावी, म्हणजे तासाला साधारण १५० घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. पंख्यावर छापलेला आकडा मात्र पुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. पाइप, जाळी आणि वळणे आली की तो बराच घटतो, म्हणून गरजेच्या दुप्पट क्षमतेचा पंखा घेऊन तो टायमरवर थांबत-थांबत चालवणे उत्तम. सतत चालला तर कोंब वाळतात. भिंतीतील साधा एक्झॉस्ट पंखा लांब पाइपातून हवा ढकलू शकत नाही. पाइप काही फुटांपेक्षा लांब असेल तर ब्लोअरच लागतो. पैसे वाचवण्यासाठी अनेक जण चार इंची पाइप घेतात, पण सहा इंची पाइपाचे तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असते, आणि हा फरक पंख्याच्या आवाजावरूनही कळतो. लवचीक ॲल्युमिनियमचा पाइप पूर्ण ताणून लावावा. तो मध्येच झोळीसारखा लोंबला, तर हिवाळ्याच्या रात्री आतील दमट हवेचे पाणी होऊन नेमके तेथे साचते. पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार दिला की ही अडचण उरत नाही.

उन्हाळ्यात तर आपला कूलरच अळिंबीचा खरा मित्र आहे. ४४ अंशांची कोरडी हवा चांगल्या वाळ्याच्या किंवा घासाच्या ताटीतून गेली की २७-२८ अंशांपर्यंत उतरते आणि सोबत ओलावाही आणते. फक्त तिला बाहेर पडायला तेवढीच मोठी वाट हवी. पावसाळ्यात हवा आधीच ओली असल्याने कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा पुरतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. धिंगरीची छत्री पूर्ण उमलून तिची कड वर वळली की तिच्यातून बीजाणूंची बारीक पांढरी पूड झडते. आमच्या पंख्याच्या पात्यांवर आणि काळ्या प्लास्टिकवर ती पिठासारखी जमली होती. दुपारी तोडणी केल्यावर माझ्या पत्नीला रात्री ताप, कोरडा खोकला आणि धाप लागू लागली, आणि आम्ही दोन आठवडे सर्दी समजून काढे देत राहिलो. डॉक्टरांनी कामाबद्दल विचारले तेव्हाच कारण कळले. बीजाणूंमुळे होणारी फुफ्फुसांची ही ॲलर्जी वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहे, आणि ती काही तासांनी उद्भवत असल्याने कामाशी तिचा संबंध सहजासहजी लक्षात येत नाही. कड वळण्यापूर्वी तोडणी करणे, तोडणीआधी पंखा चालवून ठेवणे, तोंडावर चांगला मास्क बांधणे आणि पाइपाचे तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे न ठेवणे, ही चार वाक्ये आम्हाला पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती तर तिचा तो त्रास टळला असता. ओल्या खोलीतील विजेबद्दलही हेच म्हणावे लागेल: स्विच खोलीबाहेर, अर्थिंग पक्के आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण बसवलेलेच हवे.

अळिंबीचे प्रशिक्षण देणाऱ्या सर्व शासकीय आणि खासगी संस्थांना माझी विनंती आहे की, त्यांनी किमान अर्धा दिवस हवेसाठी राखून ठेवावा आणि प्रमाणपत्रासोबत दहा बाय दहाच्या खोलीचा एक आराखडा द्यावा. शहरातील आयटीआयमध्ये पत्राकाम शिकणारी मुले आणि कूलरचे जुने कारागीर हे काम थोडक्या खर्चात करून देऊ शकतील. आपणही कृषी पानावर असा आराखडा छापावा. आमच्या खोलीची मापे मी कागदावर उतरवून ठेवली आहेत आणि ती मी आनंदाने आपल्याकडे पाठवीन.

आपला विश्वासू,
एक वाचक
मानेवाडा, नागपूर