माझ्या येण्याविषयी आणि पुतण्याला पाठवण्याविषयी

न्यू जर्सी

ती. दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी यावे असा तुमचा आग्रह आहे, आणि त्याच पत्राच्या शेवटी, पुतण्याला मेक्सिकोमार्गे इकडे पोहोचवायला एक एजंट तयार असल्याचेही तुम्ही लिहिले आहे. दोन्ही बाबतीत माझे उत्तर नकाराचेच आहे आणि त्याचे मूळ इथल्या कायद्यातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नोकरी गेल्यानंतर माझी इथे राहण्याची मुदत संपली, हे तुम्ही जाणता. १९९६ च्या कायद्याप्रमाणे मुदतीनंतर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, की त्याला १० वर्षे परत येता येत नाही. ही बंदी राहण्याने नव्हे, बाहेर पडण्याने लागू होते, आणि मुलगी सई इथली नागरिक असली तरी मुलांना त्रास होईल या कारणावरून बंदी माफ होत नाही. त्यासाठी जोडीदार किंवा आईवडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. म्हणजे समारंभाला आलो, तर सईच्या कॉलेजची सगळी वर्षे मी तिकडे आणि ती इकडे.

आमची खरी आशा सईवरच आहे. ती २१ वर्षांची झाली की आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक कोट्याची रांग नसते, आणि आम्ही दोघेही रीतसर व्हिसावर, विमानतळावर तपासणी होऊन आत आलेलो असल्यामुळे, मधल्या काळात परवान्याशिवाय काम केलेले असले तरी, देश न सोडता ग्रीन कार्ड मागता येते. ती आत्ता अकरावीत आहे, तेव्हा थांबणे आले. दुसरा मार्ग न्यायाधीशापुढचा आहे: १० वर्षांचे वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि नागरिक मुलांना असाधारण हालअपेष्टा होतील याचा पुरावा. पण त्यासाठी आधी हद्दपारीचा खटला अंगावर यावा लागतो आणि वर्षाला जेमतेम ४,००० जणांना तो लाभ मिळतो. आमच्या वकीलबाई त्याला मार्ग म्हणायलाही तयार नाहीत. काही सल्लागार आश्रयाचा, म्हणजे मायदेशी छळ होईल म्हणून इथे आसरा मागण्याचा, अर्ज ठोकून द्या म्हणतात. तो साधारणपणे आल्यापासून वर्षभरात करायचा असतो, आणि जाणूनबुजून खोटा केल्याचे ठरले तर पुढचे सगळे दरवाजे कायमचे बंद होतात.

तोवर जगणे अगदीच चोरासारखे नाही. या राज्यात २०२१ पासून आमच्यासारख्यांनाही वाहन परवाना मिळतो, आणि कर तर मी दरवर्षी भरतो. फक्त दारावरची बेल अवेळी वाजली की हिचा चेहरा उतरतो.

पुतण्याचे म्हणाल, तर डंकीने, म्हणजे चोरवाटेने सीमा ओलांडून, आलेल्याजवळ तपासणी होऊन आत आल्याची नोंदच नसते, म्हणून आमच्यासाठी उघडा असलेला मार्ग त्याला साधारणपणे मिळणार नाही. उद्या त्याने इथल्या नागरिक मुलीशी लग्न केले तरीही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातल्या १०४ जणांत तीन आपल्या महाराष्ट्राचे होते. शेत गहाण ठेवून त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. पुतण्याला शिकायचेच असेल तर विद्यार्थी व्हिसाच्या खटपटीत माझी मदत आहे.

समारंभाचा खर्च मी पाठवतो आहे. आईला काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा. फक्त रजा मिळत नाही असे सांगू नका, ते तिने मागच्या वेळीही खरे मानले नव्हते.

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ