काकांच्या रिपोर्टबद्दल

प्रिय सुधीर,

काकांच्या काढलेल्या किडनीतल्या कॅन्सरच्या गाठीचा रिपोर्ट सावकाश वाचला. ‘सीए-नाइन पॉझिटिव्ह’ या ओळीखाली तू लाल रेघ मारली आहेस. सीए-नाइन हे एक प्रथिन. घाबरू नकोस, ती ओळ फक्त आजाराचा प्रकार सांगते. काकांना आहे त्या, किडनीच्या ‘क्लिअर सेल’ प्रकारच्या कॅन्सरमध्ये व्हीएचएल नावाचं जनुक बहुधा बिघडलेलं असतं. मग ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि हे प्रथिन भरमसाट बनवते. निरोगी मूत्रपिंडात ते सहसा नसतं, म्हणून आम्ही गाठीच्या पातळ कापावर रंग चढवून (स्टेन करून) ते बघतो.

रुग्ण पुढे किती जगेल हे त्यावरून सांगता येईल, अशा एकेकाळी फार आशा होत्या. 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून पेपर आला, की ते कमी असेल तर रुग्ण कमी जगतात. म्हणजे काकांचं पॉझिटिव्ह उलट बरंच! पण 2007 मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या लिबोविच यांनी सातशेवर रुग्णांच्या गाठी तपासल्या. ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) आणि गाठीतला मेलेला भाग हिशेबात धरल्यावर सीए-नाइनला वेगळी किंमत उरली नाही. आमच्याकडे हे नेहमीचंच. पहिल्या पेपरात गाजलेलं प्रथिन पुढच्या तपासणीत फिकं पडतं.

बीएपी-1 हे दुसरं प्रथिन त्यातल्या त्यात टिकून आहे. ते नाहीसं झालेल्या गाठी आक्रमक निघतात. काकांचं शाबूत आहे.

मला खरी उत्सुकता किम-1 या तिसऱ्या प्रथिनाची आहे, कारण ते रक्तात मोजता येतं. ऑपरेशननंतर अॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देऊन पाहिलेली चाचणी एकूणात फसली, पण किम-1 जास्त असलेल्यांना त्या औषधाचा उपयोग झालेला दिसला. अर्थात तो मागाहून काढलेला निष्कर्ष. त्याच्या जोरावर आज कुणाचे उपचार ठरवायला मी धजणार नाही.

तेव्हा तू विचारलंस त्या लॅबच्या महागड्या प्रथिन-पॅनेलवर, म्हणजे अशी प्रथिनं एकदम मोजणाऱ्या तपासणीवर, पैसे घालू नकोस. काकांचा रिपोर्ट म्हणतो: टी-वन-बी (म्हणजे गाठ किडनीपुरतीच), ग्रेड 2, गाठीत मृत भाग नाही, लिम्फ नोड्स स्वच्छ. आजार परतण्याची जोखीम मोजणाऱ्या, याच लिबोविचांच्या जुन्या स्कोअरप्रमाणे काकांचे गुण 2, म्हणजे कमी जोखमीचा गट. पॅनेलचा आकडा काहीही आला तरी पुढे करायचं तेच आहे: ठरल्या वेळी सीटी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि बीपीवर लक्ष. गाठीचा तुकडा ज्यात ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मात्र हॉस्पिटलने जपून ठेवलाय ना, विचारून घे.

आणि हो, गुडघ्यांसाठी ते मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणतात, ते आधी बंद कर. आता एकच किडनी आहे. तुझं ऐकत नसतील तर रविवारी फोन त्यांच्याकडे दे, मी बोलतो.

तुझा,
मिलिंद