खडूच्या रेघा जपणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सा. न.

तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही विषय बदलता. काल पुन्हा तेच झालं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

काल संध्याकाळी तुमच्या गॅरेजमध्ये माझा लेथ, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, फिरला. १४ महिन्यांनी. लाकडाच्या ठोकळ्याला पटाशी टेकवली, पहिली लांब साल निघून हातावर पडली आणि मला खाली बसावं लागलं. बायको दारात उभी होती, ती काही बोलली नाही. तेवढ्यात तुम्ही आवाज ऐकून डोकावलात, ‘चालतोय ना?’ एवढंच विचारलंत आणि गेलात.

निवृत्तीनंतर परदेशात मुलीजवळ राहायचं ठरलं तेव्हा बरंच काही सोडलं. कपाटं, पलंग, पुस्तकं, सगळं वाटून टाकलं. रंधे, पटाश्या, करवती, क्लॅम्प आणि लेथ तेवढे सोडवले नाहीत. ३० वर्षांत एकेक करून जमवलेली हत्यारं आहेत ती. नोकरीतून निवृत्त झालो ते याच कामाला पूर्ण दिवस मिळावा म्हणून. हे लोकांना सांगितलं की ते हसायचे. ‘आता या वयात कशाला?’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की घर दाखवणाऱ्यांसमोर लेथचा विषय काढायचीच लाज वाटायला लागली होती.

त्या एजंटांबद्दल मनात अजून राग आहे, तो लपवत नाही. किती बेडरूम हव्यात हे प्रत्येकाने विचारलं. ‘भरपूर स्टोरेज आहे’ म्हणून एकाने जिन्याखालचं कपाट दाखवलं, त्यात माझं कामाचं बाकडं उभंसुद्धा राहिलं नसतं. दुसरा तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, लेथ कुठेही ठेवा. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून बांधतात. माझा लेथ ४०० किलोचा, आणि तो सगळा भार चार पायांवर. हे मी सांगत होतो तेव्हा तो फोनमध्ये बघत होता.

शेवटी सामान भाड्याच्या गोदामात ठेवलं. ‘आत बसून थोडंफार काम करता येईल’ असं सही करण्याआधी सांगितलं होतं. सही झाल्यावर कळलं की आत विजेचं बटण नाही, काम करायला मनाई आहे आणि पॉलिश, थिनर ठेवायलाही बंदी. नियम चुकीचे नाहीत, आगीची भीती खरीच असते. पण ते आधी सांगायला हवं होतं. सामान ठेवायची जागा वेगळी आणि काम करायची जागा वेगळी, हा फरक मला तिथे कळला, फार उशिरा. वर पत्र्याचं छप्पर. रात्री लोखंड गार पडायचं, सकाळची दमट हवा त्यावर पाणी होऊन बसायची. मी सगळं तेल लावून गुंडाळलं होतं, तरी चार रंध्यांच्या तळाला गंज चढला. ते बघून आलो त्या रात्री सगळं विकून टाकायचं ठरवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बायको बसथांब्यावर बहिणीशी फोनवर हेच बोलत होती आणि शेजारी तुम्ही उभ्या होतात. मराठी ऐकून तुम्ही थांबलात. संध्याकाळी आम्ही तुमच्या गॅरेजमध्ये होतो.

ताई, तुम्ही जागा दिलीत हे मोठं आहेच. पण मला आठवतं ते वेगळंच. तुम्ही मला विचारलंत, ‘करवतीवरून जाणारी सगळ्यात लांब फळी केवढी असते?’ हा प्रश्न तोपर्यंत कोणीही विचारला नव्हता. ८ फुटांची फळी टेबल सॉवरून, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीवरून, चिरायची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट लागतात आणि पलीकडेही ८ फूट. नुसतं मशीन बसलं म्हणजे जागा पुरली असं होत नाही. मी हे सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, ‘मग करवतीचं तोंड दाराकडे करा की. फळी बाहेर अंगणात जाईल.’ आणि खडू घेऊन खाली बसलात. गुडघा दुखत असताना. लेथ इथे, बाकडं खिडकीखाली, लाकूड त्या भिंतीला आडवं. मी मापं सांगत होतो, तुम्ही रेघा मारत होतात.

माझं सामान यायला त्यानंतर सात आठवडे लागले. दरम्यान पावसाची झड लागली होती. मी एकदा सहज आलो तर तुमची गाडी बाहेर भिजत उभी, आणि आत खडूच्या रेघा जशाच्या तशा. आजूबाजूची जमीन झाडलेली, पण झाडू रेघांना लागू दिलेला नव्हता. ‘पुसल्या असत्या तर तुम्हाला वाटलं असतं की माझं मन बदललं,’ असं तुम्ही म्हणालात. मी त्या दिवशी घरी जाऊन रडलो, हे आजच सांगतोय.

पुढचं सगळं झालंच. घरात एकच फेज आणि लेथची मोटर तीन फेजची, त्यावर तुमच्या ओळखीच्या वायरमनने व्हीएफडी, म्हणजे एका फेजवर तीन फेजची मोटर चालवणारं उपकरण, बसवून दिला. तोही भला माणूस, मनाला लागेल असं एकदाही बोलला नाही. परक्या जागी म्हातारपणी येणाऱ्या माणसाला लोक बहुतेक वेळा सल्ला देतात. त्याला नेमकं काय हवंय ते विचारून, ऐकून घेऊन, मग खाली बसून मापं घेणारी माणसं मला या वयापर्यंत मोजकीच भेटली. ती आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं इथे निभतं.

रंध्यांचा गंज निघाला. एकाच्या तळाला डाग राहिलाय, पण धार छान लागली आहे.

गाडी अजून उघड्यावरच असते तुमची. तिच्यावर छप्पर करायला घेतोय, लाकूड निवडून ठेवलं आहे. रविवारी सकाळी मापं घ्यायला येतो. खडू मी आणीन. तुम्ही खुर्चीत बसून सांगा, या वेळी रेघा मी मारतो.

आपला,
गॅरेजमधला शेजारी