मनू, आधी भिंती बघ

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जेवण अर्धं टाकून पुण्याची बस पकडलीस. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. "भुतं दाखवायला नोकरी सोडतेस?" हे मी म्हणायला नको होतं. नाशिकच्या जुन्या गल्ल्यांतून रात्री लोकांना भुताच्या गोष्टी सांगत फिरवायचं, त्याची तुझी वही इथेच राहिली होती, ती वाचली. सरकारवाड्यापासून सराफ बाजार, तिवंधा, मग घाटावर उतरून पलीकडे नारोशंकराचं देऊळ. रस्ता फार चांगला आखला आहेस. वसईची १७३९ सालची लढाई, त्या विजयाची आठवण म्हणून देवळात टांगलेल्या घंटेखाली उभं राहून सांगायची, हे मला सुचलं नसतं.

पण मध्ये एक ओळ आहे: "बंद वाडा, आत १५ मिनिटं." तिथे मी अडकलो.

आपल्याकडच्या वाड्याला खाली दगड, वर विटा आणि माती, आत सागाचा सांगाडा. कौल फुटलं की पाणी भिंतीच्या डोक्यातून आत शिरतं. मधला भराव बसतो, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून सुटते आणि भिंतीला पोट सुटतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं, ते बाहेरून दिसत नाही. पाऊस उघडला म्हणजे सुटलो असं समजू नकोस. भिजलेली माती वाळताना आकसते, लाकडावरची पकड सोडते, आणि लख्ख ऊन पडलेल्या दिवशी भिंत खाली येते.

म्हणून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, घेऊन जा. वरच्या मजल्याच्या खिडकीतून सोड आणि दोरी ते भिंत हे अंतर वर, मध्ये, खाली मोज. सारखं नसेल तर भिंत फुगली किंवा कलली आहे. बोटाच्या पेराने ठोकून बघ. भरीव आवाज आला तर ठीक, बद आवाज आला तर आत पोकळी आहे. भेगेवर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटव आणि शेजारी तारीख लिही. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, तिथे माणूस न्यायचा नाही. माडीवर तर नाहीच. बारा माणसं गोष्ट ऐकायला एका कोपऱ्यात गोळा झाली की आठशे किलोच्या आसपास वजन एकाच तुळईवर येतं.

लेक्चर झालं. माफ कर. मला खरं तर मुंजाबद्दल लिहायचं होतं.

मुंजा पिंपळावर राहतो, म्हणून भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप उपटायला कोणी धजत नाही. करंगळीएवढं असताना ते हाताने निघतं. पाच-सात वर्षांत मूळ विटांच्या सांध्यात फुगतं आणि भिंत दुभंगते. मग घर रिकामं होतं, आणि रिकाम्या घरात रात्री गार होणारं लाकूड कडकड वाजतं, गव्हाणी घुबड माणसासारखं किंचाळतं. गाव म्हणतं, बघा, मुंजा. भीती आणि भेग एकाच मुळाने येतात. हे तुझ्या लोकांना भिंतीसमोर उभं करून दाखव, पण बाहेरून, भिंतीच्या उंचीएवढं अंतर ठेवून. तू सहा वर्षांची असताना आजीची हडळ ऐकून आडाकडे जायची नाहीस, आणि तरी रोज रात्री तीच गोष्ट मागायचीस. त्या वहीत आजीचे शब्द जसेच्या तसे उतरले आहेत. वाचताना चष्मा दोनदा पुसला.

आणखी एक. कुठल्याही राहत्या घराला भुताचं म्हणू नकोस. वाड्याला दहा वारस असतात, खाली जुने भाडेकरू असतात. अशी बोलवा उठली की भाडेकरूला हुसकायला आयतंच निमित्त मिळतं. एका भावाच्या तोंडी होकारावर जाऊ नकोस, सगळ्या वारसांची आणि राहणाऱ्यांचीही लेखी संमती घे. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन, त्याचा वध २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात झाला, ते जरूर सांग. पण त्यासाठी १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या अनंत कान्हेऱ्यांना भूत करू नकोस. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात, तिथे गोष्ट नको, गप्प चालत जायचं. अंगात आणणं, भूत उतरवणं असलं नाटकसुद्धा नको. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा घरी बसून नीट वाच.

वेळ रात्री आठ ते साडेनऊ. स्पीकर नको, बोळात साधा आवाज पुरतो. पुढे तू, मागे बॅटरी घेऊन दुसरं माणूस, त्याशिवाय निघायचं नाही. बारा माणसांचे प्रत्येकी चारशेप्रमाणे ४,८०० रुपये येतील. त्यातून मागच्या माणसाचे, वाडेवाल्याचे आणि विम्याचे आधी बाजूला काढ. जून ते ऑक्टोबर बंद ठेव. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातो, तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावर गाव पूर मोजतं. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ राहतं. आणि त्याच महिन्यांत भिंती ओल्या असतात. दिवाळीनंतरही पहिले पंधरा दिवस तू एकटीने, त्याच वेळेला, तोच रस्ता चाल. पण एकटीने त्या वाड्यात शिरू नकोस.

बघ, पुन्हा तिथेच आलो.

आत्याला मी सांगितलं की मनू नाशिकची जुनी गल्ली लोकांना दाखवणार आहे. ती म्हणाली, ह्या गल्लीत बघण्यासारखं काय आहे? मी तिला तुझ्या वहीची चार पानं वाचून दाखवली. मग ती काही बोलली नाही, पुढचं वाच म्हणाली.

काचेच्या आठ पट्ट्या कापून आणल्या आहेत. ओळंबा माझाच घे, दोरी नवी घातली आहे. शनिवारी उजेड असेपर्यंत पोहोच, म्हणजे त्या वाड्याच्या पुढच्या दोन भिंती तरी दोघं मिळून बघू.

तुझा
बाबा