बाबा, रंकाळ्यावरच्या बत्तीस फेऱ्या कामाला आल्या

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

शनिवार-रविवार चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर गेलो होतो, बाईक रेसचे फोटो काढायला. आई, आधी तुला सांगतो, मी प्रेक्षकांत होतो, मधे मोकळी जागा, मग टायरची भिंत, मग जाळी आणि मग मी, त्यामुळं काळजी करू नकोस. ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, १९९० सालापासूनचा, आणि सरळ पट्ट्यावर गाड्या येतात तेव्हा आधी आवाज छातीत बसतो, मग गाडी दिसते.

शनिवारी सगळं चुकलं. एवढा स्पीड म्हणून मी शटर १/१००० सेकंदाला ठेवलं. फोटो एकदम शार्प, पण गाडी कशी, तर स्टँडवर लावल्यासारखी, चाकातले स्पोक मोजून घ्यावेत. वेग नावाला नाही. बरं दुपारी डांबर इतकं तापलं की लांबचे फोटो वाफेतनं काढल्यासारखे लहरत होते, ते सगळे गेले.

रात्री रूमवर बसून दिवाळीतले रंकाळ्याचे फोटो उघडून बघितले. आठवतंय ना, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, शालिनी पॅलेसच्या बाजूला, बाबा तुम्ही हेल्मेटच्या आत कानटोपी घालून स्प्लेंडरवर, काटा बरोबर ४० वर, आणि आई कट्ट्यावर चहाचा थर्मास आणि भडंगाची पुडी घेऊन फेऱ्या मोजतीय. पहिल्या दहा फेऱ्यांत एक फोटो धड नाही. मग तुम्ही गाडी थांबवून आलात आणि म्हणालात, अरे खांद्यानं काय फिरतोयस, पाय रोव, कमरेतनं फीर, आणि फोटो निघाला म्हणून मधेच थांबू नको, डाव पुरा कर. तालमीतलं बोलणं, तुम्ही कॅमेरा कधी हातात धरला नाही, पण पॅनिंग म्हणजे नेमकं तेच आहे. पाय जिथं क्लिक करायचंय तिकडं तोंड करून ठेवायचे, कंबर आधी वळवून गाडी लांबूनच धरायची, तिच्याबरोबर फिरत यायचं, आणि क्लिक झाल्यावरही फिरतच राहायचं. थांबलं की हात हिसका खातो आणि तो हिसका फोटोत उतरतो.

आणि बाबा, मी हिशोब घातला. तुम्ही ४० नं जात होता, शटर १/३०, तेवढ्या वेळात गाडी साधारण ३७ सेंटीमीटर पुढं जाते. ट्रॅकवर १८० नं येणारी गाडी १/१२५ ला ४० सेंटीमीटर जाते. म्हणजे जवळपास तेवढंच! लेन्स मोठी, अंतर जास्त, पण कमरेला काम तेच. हे कळलं आणि मला झोपच लागेना.

रविवारी सकाळी उन्हं तिरपी असतानाच गेलो, वळणाच्या आतल्या बाजूला जागा धरली, कारण तिथनं गाडीचं अंतर फारसं बदलत नाही, फोकस टिकतो. लेन्स जाळीच्या अगदी जवळ धरली की जाळीची तार फारशी दिसत नाही, हे शेजारच्या एका पोरानं शिकवलं. १/१२५, फोकसचा ठिपका हेल्मेटवर. पाय रोवले. दिवसभरात सातशे फोटो काढले त्यातले एकवीस ठेवले.

एक फोटो सोबत मोठा करून पाठवतोय. नीट बघा, गाडी इतकी कललीय की गुडघ्याचं प्लॅस्टिक रस्त्याला घासतंय, हेल्मेट स्वच्छ, आणि पोराचं तोंड गाडी आहे तिकडं नाही, पुढं जिथं जायचंय तिकडं वळलेलं. मागची माणसं, झेंडे, टायरची भिंत, सगळ्याचे नुसते रंगीत पट्टे. चाकं गरगर फिरताना दिसतात. त्याच्याच शेजारी तुमचा बत्तिसाव्या फेरीतला फोटो लावा, कानटोपीची कड बाहेर आलीय आणि मागं रंकाळ्याचं पाणी असंच पट्टे होऊन पळतंय. मला तरी दोन्ही एकाच हातातले वाटतात.

आता एकच अडचण आहे. डावीकडनं उजवीकडं जाणारी गाडी मला जमते, उलट्या बाजूनं आली की अजून हात हलतो. संक्रांतीला चार दिवस येतोय. बाबा, स्प्लेंडरचं मागचं टायर तेवढं बदलून घ्या, लई झिजलंय, आणि या खेपेला फेऱ्या उलट्या बाजूनं मारायच्या. आई, मोजायला तूच पाहिजेस.

तुमचा,
बाळू