पाऊणकी आणि चंद्र

दुर्भाट, फोंडा (गोवा)
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

प्रिय सुधीर,

दुर्बीण वाचली, पेटी भिजली. पेटीत दुर्बिणीचे तीन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, होते, त्यातल्या एकात खारं पाणी शिरलं. गोड्या पाण्याने धुऊन सध्या तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय आणि डबा उघडताना सुमन रोज काहीतरी पुटपुटते. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला, पण त्यातले शेवटचे चार दिवस या ओल्या पेटीच्या खात्यावर टाक.

दोष ना पेटीचा, ना पाण्याचा. दोष माझ्या पाऊणकीचा.

तुला आठवतं का, शाळेत मी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घडाघडा म्हणायचो आणि गुरुजी चकित व्हायचे? ती हुशारी माझी नव्हती. वेंगुर्ल्याला आजोबांनी ती पाठ करून घेतली होती, तीही हिशेबासाठी नव्हे, भरतीसाठी. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: जी तिथी असेल तिची पाऊणपट कर, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहाटेची असो वा दुपारची, शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. ओहोटीला इथे सुकती म्हणतात, आणि हा शब्द मला जास्त आवडतो; पाणी गेल्यावर जे उरतं ते त्यात दिसतं.

तर त्रयोदशीची रात्र. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. चंद्र बघायला दुर्बीण घेऊन धक्क्यावर गेलो. तू म्हणशील, चंद्र बघायला त्रयोदशी हा चुकीचा दिवस, अष्टमीच्या आसपास सावल्या लांब असतात तेव्हा विवरं खरी उठून दिसतात. कबूल. पण त्या दिवशी टायको विवरापासून फुटणारे पांढरे पट्टे बघायचे होते, आणि ते पौर्णिमेच्या जवळच छान दिसतात. पेटी धक्क्याच्या खालच्या पायरीवर ठेवली. त्रयोदशी म्हणजे तेरा पाऊणे पावणेदहा. बरोबर पावणेदहाला टॉर्च मारला, तर पाणी पायरीच्या खाली दोन बोटं. म्हटलं, झाली भरती, आता उतरायला लागेल, आणि निश्चिंत मनाने पुन्हा डोळा लावला. अर्ध्या तासाने मागून पुंडलीकबाब ओरडले, "मास्तर, तुमची पेटी व्हांवता मरे!" पेटी वाहत नव्हती, पण डोलत होती खरी.

घरी आल्यावर रात्री साडेबाराला वही काढली. आजोबा खोटे कसे ठरतील, हे शोधल्याशिवाय झोप येणार नव्हती.

पंचांगातली तिथी म्हणजे तारीख नव्हे, तो कोन आहे. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. अमावास्येला दोघे एकत्र, पौर्णिमेला समोरासमोर, मध्ये पंधरा गुणिले बारा, एकशेऐंशी अंश. आता आकाश एका तासात पंधरा अंश सरकतं. मग बारा अंश म्हणजे किती? अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे दर तिथीला चंद्र माथ्यावर यायला सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटं उशीर होतो आणि भरती बिचारी त्याच्या मागे मागे. आजोबांचा हिशेब पंचेचाळीस मिनिटांचा. दर तिथीला तीन मिनिटं कमी! प्रतिपदेला कोणाच्या लक्षात येणार? पण तेराव्या तिथीला एकोणचाळीस मिनिटं कमी पडतात, आणि पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात, यायला हवेत बारा. खरा गुणक पाऊण नाही, चार पंचमांश आहे. पण चार पंचमांशाचा पाढा कोणी पाठ करतं का? पाऊणकी सगळ्यांना यायची, म्हणून पाऊणकी वापरली. होडी काढणाऱ्याला अर्ध्या तासाने काही बिघडत नसे. पायरीवर आयपीस ठेवणारे शहाणे तेव्हा नव्हते.

शिवाय आपण नदीत आहोत हे मी विसरलो. भरती आधी मुरगावला, नदीच्या मुखाशी, येते, मग जुवारीतून आत चढत चढत आमच्यापर्यंत. मांडवीत आणि जुवारीत भरतीचं पाणी समुद्रापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आतपर्यंत जाणवतं. प्रत्येक धक्क्याचा स्वतःचा उशीर असतो, आणि तो पंचांगात नाही, पुंडलीकबाबांच्या डोक्यात आहे.

आता तुझ्या मुक्ताचा प्रश्न. मे महिन्यात मिरामारच्या किनाऱ्यावर तिने मला विचारलं होतं आणि मी आइस्क्रीम घेऊन वेळ मारून नेली होती: चंद्र पाणी ओढतो, तर पाणी चंद्राच्या बाजूला फुगावं, मग दिवसातून दोनदा भरती कशी? उलट्या बाजूला पाणी कोण ओढतं? पोरगी सोलापुरात वाढलेली, समुद्र वर्षातून एकदा बघते, आणि प्रश्न मात्र नेमका. तिला सांग, याच प्रश्नावर गॅलिलिओचा पाय घसरला होता. त्याने १६३२ च्या ग्रंथात भरतीचं कारण पृथ्वीचं फिरणं ठरवलं आणि चंद्राचं नाव घेतलं म्हणून केप्लरची टिंगल केली. त्याच्या हिशेबाने दिवसाला एकच भरती यायला हवी होती. उत्तर न्यूटनने १६८७ मध्ये दिलं.

तिला वारीची दिंडी आठवायला सांग. पुढे पताकावाले, मध्ये वीणेकरी, मागे तुळशीवाल्या बायका. पताकावाले भरभर चालतात, मधले बेताने, मागच्या हळू. तासाभराने वीणेकऱ्याने पुढे पाहिलं तर पताका लांब गेल्यात. मागे पाहिलं तर तुळशीही लांब राहिल्यात. मागच्यांना कोणी मागे ढकललं नाही. सगळे पंढरपूरलाच चाललेत, फक्त चाल वेगळी. दिंडी दोन्हीकडून ताणली गेली.

पृथ्वीचं तसंच. चंद्राकडे तोंड असलेलं पाणी चंद्राला जवळ, त्याला ओढ जास्त. पृथ्वीचा मधला गोळा त्याहून सहा हजार चारशे किलोमीटर लांब, त्याला बेताची. पलीकडचं पाणी आणखी लांब, त्याला सगळ्यात कमी, म्हणून ते मागे राहतं. मधून पाहणाऱ्याला वाटतं दोन्ही बाजूंना फुगलं. त्या दोन फुगवट्यांखालून पृथ्वी फिरते आणि साधारण दर बारा तास पंचवीस मिनिटांनी एक भरती येते. एक मात्र खरं, चंद्र पाणी वर उचलत नाही. त्या ओढीतला फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढा, त्याने थेंबही उचलला जाणार नाही. तो पाण्याला आडवं सरकवतो. अख्खा महासागर थोडा थोडा एका दिशेला सरकला की किनाऱ्याला मीटर-दोन मीटर होतात, आणि खंबातच्या आखातासारख्या निमुळत्या जागेत दहाच्याही वर जातात. जमिनीचे तुकडे मध्ये आडवे येतात म्हणून प्रत्येक किनाऱ्याचं गणित निराळं.

फरकच महत्त्वाचा, ओढ नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की सूर्याचंही कोडं सुटतं. सूर्य चंद्राच्या दोन कोटी सत्तर लाख पट जड. अंतर मात्र सुमारे ३९० पट. नुसती ओढ पाहिली तर सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पटीच्या आसपास. पण भरती अंतराच्या घनाने कमी होते. ३९० चा घन सहा कोटींच्या जवळ. दोन कोटी सत्तर लाखांना त्याने भाग, निम्म्याहून थोडं कमी येतं. म्हणून भरतीत चंद्र थोरला, सूर्य धाकटा. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत, तेव्हा उधाण. अष्टमीला काटकोनात, एकाची ओढ दुसऱ्याला मारते, तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती. उधाणही नेमकं पौर्णिमेला नसतं, पाण्याला जडपणा आहे, ते दिवस-दोन दिवस मागे रेंगाळतं. म्हणजे आज. हे पत्र लिहितोय तर अंगणातून खाजनातल्या पाण्याचा आवाज येतोय.

खाजन तू पाहिलं नाहीस, पुढच्या वेळी मुद्दाम नेतो. नदीच्या काठाची सखल जमीन, बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेली. शेकडो वर्षांचं काम. बांधाला एक तोंड असतं, मानस म्हणतात, आणि त्यात लाकडी दारं. दारं अशी लटकवलेली की बाहेरून भरतीचं पाणी दाबायला लागलं की आपोआप मिटतात, आणि सुकती लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. कोणी उघडत नाही, कोणी लावत नाही. परवा रात्री मी पुंडलीकबाबांबरोबर मानशीवर बसलो होतो. बराच वेळ काही नाही, नुसते डास. मग पाणी क्षणभर उभं राहिलं, म्हणजे खरंच, पाण्यावरचं एक वाळकं पान जागच्या जागी थांबलं. दार एकदा कुरकुरलं आणि दोन बोटं उघडलं. पुंडलीकबाबांनी विडी टाकली आणि जाळं सोडलं. काळुंदरं, शेवटं, आणि एक चणक हातभर लांबीची. घड्याळात पाहिलं आणि वहीत लिहून ठेवलं. आता रोज लिहितोय. माझ्या धक्क्याचा उशीर मला माझ्या हाताने काढायचाय.

ते दार कुरकुरतं तेव्हा थोडी ऊर्जा घासण्यात जाते. तशीच उथळ समुद्रतळावर, सगळ्या किनाऱ्यांवर जाते, आणि ती पृथ्वीच्या फिरण्यातून वजा होते. दिवस लांबतोय, शतकाला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवर रोजच्या वाढीच्या रेघा मोजल्या तर वर्षाचे दिवस चारशेच्या आसपास भरतात. आणि पृथ्वीने गमावलेलं फिरणं चंद्राला मिळतं, तो दूर सरकतो, वर्षाला ३.८ सेंटिमीटर. अपोलोच्या लोकांनी १९६९ पासून तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून, तो अडीच सेकंदांत परत आला की मोजतात. आपली ओळख १९८४ ची. तेव्हापासून चंद्र दीड मीटरच्या वर लांब गेलाय. तू सोलापूरला गेलास तेव्हा मात्र एका रात्रीत कितीतरी जास्त लांब गेलास, त्याला लेझर कुठून आणू?

मुक्ताला एक गृहपाठ. तिचा वाढदिवस येतोय, पंचांगात त्या दिवसाची तिथी बघायला सांग, चार पंचमांशाने गुणायला सांग आणि भरतीची वेळ कळवायला सांग. मी त्या दिवशी धक्क्यावर उभा राहून पाणी केव्हा उभं राहतं ते टिपतो आणि तिला फोन करतो. चूक किती निघाली ते दोघांनी मिळून बघू.

फेब्रुवारीत येतो म्हणालास, तर अष्टमीला नको. भांगाचं पाणी, मानशीला मासे कमी लागतात. पौर्णिमा धरून या, आणि येताना शेंगाची चटणी जास्त आण, मागच्या वेळची पुंडलीकबाबांनीच संपवली. आयपीस तोवर वाळेल असं सुमनला सांगितलंय. ती म्हणते, तांदूळ मात्र आता आमटीलाही चालणार नाहीत.

तुझा,
अविनाश